रंगमावशींचा काजळ्या

सुताच्या कारखान्यात रंगमावशींना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दारावरच्या हजेरीच्या यंत्रात त्यांचं खरं नाव उमटायचं, आणि ते वाचून एखादा नवा माणूस विचारायचा, ‘या कोण बाई?’ मग त्याला सांगावं लागायचं, ‘अरे, या आपल्या रंगमावशी!’ वय साठीला टेकलेलं, बांधा ठेंगणा, केस कापलेले, आणि चालताना दोन्ही हात कोटाच्या खिशात. कोट राखाडी. त्याच्या आत जे काही असेल तेही राखाडी. बाईंना रंगांचा एवढा नाद आणि अंगावर मात्र चुलीतली राख, ही कारखान्यातली जुनी थट्टा. मावशी ती ऐकून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राखाडीच घालून यायच्या, कारण त्यांचं कामच तसं होतं.

काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवायचं आणि म्हणायचं, या रंगाचा दोरा द्या. रंगारी सूत रंगवायचे, त्यातली एक लडी मावशींच्या खोलीत यायची, आणि मावशी तो तुकडा आणि ती लडी शेजारी शेजारी ठेवून सांगायच्या, जुळलं की नाही. ‘जुळलं’ म्हणाल्या की माल गाडीत चढायचा. ‘नाही’ म्हणाल्या की अख्खा हौद पुन्हा रंगवायला जायचा आणि रंगारी मनातल्या मनात मावशींचा उद्धार करायचे. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला, म्हणजे उन्हाची तिरीप आत यायला नको. भिंती राखाडी, टेबल राखाडी, कारण शेजारी लाल काही असलं की त्याची लाली सुतावर पडते आणि नजर फसते. एकदा मोठे साहेब भडक निळा स्वेटर घालून आत शिरत होते. मावशींनी त्यांना ‘तेवढा काढून या’ म्हणून दारातूनच परतवलं. साहेब काढून आले.

पाहण्याचीही एक रीत होती. ती त्यांना वडिलांनी शिकवलेली. वडीलही याच खोलीत, याच टेबलापाशी बसायचे. एकदा पाहायचं. मग नजर राखाडी भिंतीकडे न्यायची, डोळे धुऊन घेतल्यासारखी. मग पुन्हा पाहायचं. टक लावायची नाही. टक लावली की डोळा आपल्याला हवं तेच दाखवायला लागतो. आणि आपलं मत ठरायच्या आधी दुसऱ्याचं विचारायचं नाही.

याच वडिलांचे डोळे नोकरीच्या शेवटी शेवटी गेले. एकदम नाही गेले. आधी पिवळा गेला. ‘हल्लीच्या पिवळ्यात दम नाही,’ असं ते घरी म्हणायला लागले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी माणसाला कशातच दम वाटत नाही. मग एकदा त्यांनी लिंबाच्या रंगाचं सूत ‘जुळलं’ म्हणून सोडलं आणि तो सगळा माल परत आला. त्यांना स्वतःला बरेच दिवस संशय होता, पण त्यांनी अवाक्षर काढलं नाही, डॉक्टरकडेही गेले नाहीत. वेळेवर आले असते तर थोडी नजर वाचली असती, असं पुढे डॉक्टर म्हणाले. शेवटची काही वर्षं ते खिडकीपाशी बसून मुलीला विचारायचे, ‘आज आभाळ कसल्या रंगाचं आहे गं?’ आणि मुलगी सांगायची. रंगमावशी तशा भित्र्या नव्हत्या. एकाच गोष्टीला त्या मनातून टरकून असायच्या, आणि ती ही.

आता अशा बाईच्या आयुष्यात तारा कुठून आला? तर वाचनालयात एकदा आकाशमंडळाच्या चिटणीसांचं व्याख्यान होतं. चिटणीस दिवसा लोकांचे दात काढायचे आणि उरलेल्या वेळात लोकांना ताऱ्यांच्या नादी लावायचे. ते म्हणाले, काही तारे कमीजास्त होतात, त्यांच्यावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. काम सोपं आहे. आपला तारा पाहायचा, आजूबाजूचे न बदलणारे तारे पाहायचे, आणि तो कुणापेक्षा उजळ नि कुणापेक्षा मंद, एवढं कळवायचं. टक लावायची नाही, त्याने पिवळेतांबडे तारे उगाच फुगतात. दुसऱ्याने काय कळवलं ते आधी विचारायचं नाही. आठवणीतून कधीच कळवायचं नाही. मागच्या रांगेत पेंगत असलेल्या मावशी ताठ बसल्या. अहो, ही तर आपली शेडरूमच झाली. फक्त गिऱ्हाईक जरा लांबचं. त्याच संध्याकाळी त्यांनी नाव दिलं, आणि त्याला आता वीसएक वर्षं होऊन गेली होती.

चिटणीसांनी त्यांना उत्तर मुकुट नावाच्या तारकासमूहातला एक तारा नेमून दिला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी हा समूह वर चढतो. ताऱ्यांची एक छोटी वाटी कुणीतरी कलती ठेवल्यासारखा दिसतो, आणि त्या वाटीच्या आत हा तारा. दुर्बिणीतून फिकट पिवळसर. बाकीचे तारे हायड्रोजनने गच्च भरलेले असतात. याच्याकडे हायड्रोजन जवळजवळ नाहीच. आहे तो हेलियम, आणि त्यात कार्बन भरपूर. एरवी हा तारा शहाण्यासारखा वागतो. महिना-दीड महिन्याच्या चालीने किंचित फुगतो, किंचित आवळतो, तेवढंच. आणि मग एक दिवस, कुणाला काही न सांगता, त्याच्या वातावरणातून बाहेर पडलेला कार्बन गार होतो आणि त्याची काजळी धरते. काजळीचा तो ढग नेमका आपल्या बाजूला आला की तारा मंद व्हायला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांत साध्या दुर्बिणीतून दिसेनासाही होतो. आत तो जळतच असतो. त्याच्याच उजेडाच्या रेट्याने काजळी लांब ढकलली जाते, पांगते, आणि काही महिन्यांनी स्वारी पुन्हा जागेवर. कधी पडेल ते मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मावशींनी त्याचं नाव काजळ्या ठेवलं. ज्या तीन शेजारणींशी त्याला ताडून पाहायचं, त्यांना थोरली जाऊ, मधली जाऊ आणि धाकटी जाऊ. काजळ्या धड असला की थोरलीच्या खालोखाल आणि मधलीच्या वर असायचा.

लग्न मावशींनी पन्नाशी उलटल्यावर केलं. गल्लीच्या टोकाला एक बेकरी होती आणि तिचा मालक विधुर. मावशी रोज एक पाव घ्यायच्या आणि एक दिवस पाव हातात धरून म्हणाल्या, ‘आज एक शेड जास्त भाजलात.’ गिऱ्हाईक पाव कच्चा म्हणतं, करपला म्हणतं. एक शेड जास्त म्हणणारं माणूस बेकरीवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते मावशी यायच्या वेळेला हात धुऊन, टोपी नीट करून गल्ल्यावर उभे राहायला लागले. पुढचं सगळ्या गल्लीला त्या दोघांच्या आधी कळलं. लग्न असं उतारवयात झाल्यामुळे अगं-तुगंची सवय लागायची राहूनच गेली आणि दोघं जन्मभर एकमेकांना अहोजाहो करत राहिली.

बेकरीवाल्यांना पहाटेच्या कितीतरी आधी भट्टी पेटवायची असायची, म्हणून ते दिवेलागणीलाच झोपायचे. ते आडवे झाले की मावशी दुर्बीण घेऊन गॅलरीत जायच्या. भेट व्हायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी, मावशी कामावरून आल्यावर, चहाला. तेव्हा बेकरीवाले पहिला प्रश्न विचारायचे, ‘काजळ्या काय म्हणतो?’ आणि मावशी म्हणायच्या, ‘ठीक आहे.’ त्यांना आकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भट्टीतलं कळत होतं. हायड्रोजन नसलेला तारा म्हटल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे पिठाशिवाय बेकरी चालवतो म्हणा की!’ काजळीचं ऐकलं तेव्हा त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. धुराडं साफ करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. चिटणीस एकदा घरी आले असताना म्हणाले की, विझत आलेले दोन म्हातारे तारे एकमेकांत मिसळतात आणि नव्याने पेटतात, त्यातून असे तारे होत असावेत असं जाणकारांना वाटतं. बेकरीवाल्यांनी मावशींकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘वाटायचंय काय त्यात? आम्हालाच विचारा की.’ मावशी लाजून आत चहा बघायला गेल्या. चहा होऊन गेला होता.

घरात कायदा एकच: झोपलेल्या बेकरीवाल्यांना उठवायचं नाही. एकदा छताच्या कोपऱ्यातून वरच्यांचं पाणी गळायला लागलं. मावशींनी पलंग हळूच दोन हात सरकवला, खाली बादली ठेवली, आणि नवरोबा सकाळी ‘मी इकडे कसा आलो?’ विचारेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

तर असं सगळं छान चाललं होतं. मावशींना आयुष्याकडून आणखी एकच हवं होतं. काजळ्या पडायला लागतो ती पहिली संध्याकाळ त्यांना एकदा आपल्या डोळ्यांनी पकडायची होती. वीस वर्षांत तो काही वेळा पडला, आणि दर वेळी मावशींना हुलकावणी देऊन. एकदा आभाळ भरलेलं, एकदा तापाने अंथरुणात, आणि एकदा तर स्वतःच्याच लग्नात. आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी कळवायचा तो दूरच्या गावचा एक पोस्टमन. मावशींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याच्यावर त्यांचा खास दात होता. ‘दिवसभर चालून चालून दमत कसा नाही मेला,’ असं त्या म्हणायच्या.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी हळदी रंगाची एक लडी टेबलावर आली. मावशींनी पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नाही. या पिवळ्यात दम नाही.’

रंगारी म्हणाला, ‘मावशी, कालच हीच शेड पास केलीत. पावडर तीच, हौद तोच.’

‘दम नाही म्हटलं ना,’ मावशी म्हणाल्या, आणि तो गेल्यावर त्यांच्या एकदम लक्षात आलं की आपण काय बोललो. हे आपलं वाक्य नव्हे. हे वडिलांचं वाक्य. त्यांनी ते झटकून टाकलं आणि दिवसभर बाकीचे रंग पाहिले. निळे, हिरवे, तपकिरी, सगळे आपापल्या जागी होते.

संध्याकाळी त्या गॅलरीत गेल्या. आभाळ लख्ख. वाटी सापडली. थोरली जाऊ जागेवर, मधली जागेवर, धाकटीही. आणि काजळ्या धाकटीपेक्षाही मंद. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, अंधाऱ्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा लावली. धाकटीपेक्षा मंद. आता दुसरं कुणी असतं तर आनंदाने उडी मारली असती. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर उभा होता. पण मावशींनी उडी मारली नाही. त्या तिथेच स्टुलावर मटकन बसल्या.

कारण त्यांचा हिशेब सरळ होता. तिन्ही जावा पांढऱ्या, त्या जशाच्या तशा दिसतायत. काजळ्या पिवळसर, तेवढाच मंद दिसतोय. सकाळी लडी पिवळी, तीच फिकी वाटली. म्हणजे ताऱ्याला काही झालेलं नाही. माझा पिवळा जातोय. बाबांचा गेला तसा.

हिशेबात खोट होती, पण ती त्यांना दिसायची नाही. जिचा सगळा जन्म रंगात गेला, तिला आधी रंगच आठवणार.

त्यांनी दुर्बीण पेटीत घातली, पेटी कपाटाशेजारी ठेवली आणि कुणालाही काही कळवलं नाही. चुकलेल्या डोळ्यांनी पाहिलेलं कसं कळवायचं? दुसऱ्या दिवशी चहाला बेकरीवाल्यांनी विचारलं, ‘काजळ्या काय म्हणतो?’

‘ठीक आहे,’ मावशी म्हणाल्या. नवऱ्याशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या, आणि अर्धा चहा कपात तसाच ठेवून उठल्या.

त्यानंतर त्या गॅलरीकडे फिरकल्याच नाहीत. मोबाईलवर मंडळाचे निरोप येऊन पडत होते. त्यांनी ते उघडले नाहीत. स्वतः पाहिल्याशिवाय दुसऱ्यांचं वाचायचं नाही, हा नियमच होता, आणि आता त्यांना त्या नियमाआड छान लपता येत होतं. चिटणीसांचा एकदा फोन आला. आपण बरेच दिवस काही कळवलं नाही म्हणून विचारत असतील, असं समजून त्यांनी तो वाजू दिला. कारखान्यात पिवळं सूत आलं की त्या ते खिडकीशी न्यायच्या, परत आणायच्या, पुन्हा न्यायच्या. एकदा तर त्यांनी रंगाऱ्यालाच विचारलं, ‘तुला काय वाटतं रे?’ रंगाऱ्याला घाम फुटला. इतक्या वर्षांत मावशींनी कुणाला असं विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, आपली नोकरी गेली. दोन दिवसांनी तो मुद्दाम सांगायला आला की, त्या दिवशीच्या हळदी लडीत खरंच दम नव्हता, पावडरीच्या पिंपात ओल शिरली होती. मावशींना वाटलं, पोरगा आपलं मन राखतोय. त्याचं मन राखायला त्या ‘बरं’ म्हणाल्या.

डॉक्टरकडे जायचं त्या रोज ठरवायच्या आणि रोज टाळायच्या. वडिलांनी नेमकं हेच केलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नक्की कळेपर्यंत निदान अजून कळलेलं नाही, एवढं तरी सुख होतं. रात्री त्या डोळे मिटून घरातले रंग आठवायच्या. पडदा, चादर, बेकरीवाल्यांचा मफलर. अजून सगळे आठवत होते.

बेकरीवाले अडाणी असतील, आंधळे नव्हते. त्यांची एक पांढरी टोपी त्यांनी सहज त्या दुर्बिणीच्या पेटीवर ठेवली होती. दिवसांमागून दिवस गेले, टोपी जागची हलली नाही, आणि रोज चहाला काजळ्या मात्र ठीक होता. एका दुपारी त्यांनी कप खाली ठेवला.

‘पेटी न उघडता तारा दिसतो का हो?’

मावशी रिकामा कप उचलायला लागल्या.

‘नाही, दिसत असेल तर मलाही शिकवा. मला झोपल्या झोपल्या बघता येईल.’

मावशींना हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. मग सगळं बाहेर पडलं: लडी, जावा, काजळ्या, बाबा. बेकरीवाल्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी बाहीने नाक पुसलं. पीठ नाकाला लागलं.

‘डोळे गेले तर मला शेडरूममधून काढतील,’ मावशी म्हणाल्या. ‘त्याचं एवढं नाही. घरी बसेन. पण आभाळ कसल्या रंगाचं आहे, ते रोज दुसऱ्याला विचारायचं म्हणजे...’

‘मी सांगेन की.’

‘तुम्ही? तुम्हाला निळा आणि हिरवा यातला फरक कळत नाही.’

‘म्हणूनच म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवून घेऊ. माझ्या भरवशावर राहिलात तर आभाळ हिरवं होईल.’

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली, आणि तीही नेमकी बेकरीवाल्यांच्या झोपेच्या तोंडावरची. ते तरीही आले. बाहेरच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. आत मावशी थेंब घातलेल्या डोळ्यांनी यंत्रात पाहत होत्या आणि भिंतीपलीकडचं ते घोरणं ऐकून त्यांना धीर येत होता.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी त्यांच्यापुढे रंगीत गोट्यांसारख्या झाकणांचा एक ट्रे ठेवला. थेंब घालायच्या आधी एका डोळ्याने ही परीक्षा झाली होती, आता तो झाकून दुसऱ्याने. निळ्यापासून हिरव्यामार्गे पिवळ्यापर्यंत रांग लावायची. त्यांनी पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. झाकणं एकामागून एक जागेवर बसत गेली. शेवटचं पिवळं ठेवून त्यांनी हात मांडीवर घेतले आणि निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीसारख्या बसून राहिल्या.

‘डोळ्याची नस उत्तम आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘रंगही सगळे उत्तम. तुमच्या वडिलांचं जे होतं त्याचा मागमूस नाही. मोतीबिंदूची जराशी सुरुवात आहे, ती वयाला धरून. वर्षातून एकदा येऊन दाखवत जा म्हणजे झालं.’

‘नक्की?’

‘नक्की. पण तुम्हाला शंका कशाने आली?’

मावशींनी ताऱ्याचं सांगितलं. शेजारचे पांढरे तारे नीट दिसले आणि तो एकटा पिवळा मंद दिसला, असं. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या.

‘मला ताऱ्यांतलं काही कळत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुमचा पिवळा गेला असता तर तो तारा तुम्हाला पांढुरका दिसला असता. रंग गेला की रंग जातो हो, एवढा उजेड कसा जाईल? तो उजेड कमी झाला असेल, तर मला विचारण्याआधी त्या ताऱ्याला नको का विचारायला?’

मावशी उठल्या, पर्स विसरल्या, परत आल्या, पर्स घेतली, छत्री विसरल्या. बाहेर बाकावरच्या माणसाला हलवून त्या म्हणाल्या, ‘चला घरी. डोळे चांगले आहेत.’ बेकरीवाल्यांनी एक डोळा उघडला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ‘मला वाटलंच’ म्हणून त्यांच्या दंडाचा आधार घेऊन उठले. त्यांना काही वाटलंबिटलं नव्हतं. त्यांचा हात गार पडला होता, तो मावशींना कोटातूनही कळला.

रस्त्यात थेंबांमुळे दिव्यांभोवती मोठाली वलयं दिसत होती आणि त्या एकट्याच हसत होत्या. इतकी वर्षं नव्या लोकांना आपण शिकवलं की डोळा कसाही असो, शेजारणींशी ताडून पाहा म्हणजे चुकायचं नाही. आणि शेजारणी तिघी जागेवर उभ्या राहून ओरडून सांगत होत्या, तेव्हा आपण पेटी बंद करून बसलो. आनंद झाला की स्वतःच्या मूर्खपणाचाही फार राग येत नाही. मावशींना तर त्याचीही गंमत वाटत होती.

थेंबांचा अंमल उतरायला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या संध्याकाळी बेकरीवाले आदल्या दिवसाची झोप भरून काढायला लवकरच आडवे झाले. आभाळ मोकळं होतं. मावशींनी पेटीवरची टोपी उचलली, खुंटीला अडकवली आणि दुर्बीण बाहेर काढली.

वाटी तिथेच होती. थोरली जाऊ होती, मधली होती, धाकटीही होती, आणि जिथे काजळ्या असायचा तिथे काही नव्हतं. नुसता काळोख. त्यांनी नजर काढली, पुन्हा लावली. आजूबाजूचे बारीकसारीक तारेसुद्धा टिपता येत होते. त्या एका जागी मात्र कुणी बोट ठेवून पुसून काढल्यासारखं रिकामं.

त्यांनी चिटणीसांना फोन लावला.

‘अहो, आहात कुठे?’ चिटणीस ओरडलेच. ‘इकडे काजळ्या तळाला गेला आणि तुमचा पत्ता नाही! पोस्टमनने पहिल्याच दिवशी कळवलं.’

‘कधी?’

चिटणीसांनी तारीख सांगितली. ती मावशींच्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसाची होती.

‘मी आदल्या दिवशी पाहिला होता,’ मावशी म्हणाल्या. ‘धाकटीपेक्षा मंद. माझाच डोळा बिघडला असं वाटलं, म्हणून कळवलं नाही.’

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग चिटणीस म्हणाले, ‘मग आत्ता सांगा ना. मी नोंदीत घालतो. तुमचा शब्द आहे, कोण शंका घेणार? पहिला नंबर तुमचा.’

मावशींना मोह झाला नाही असं कोण म्हणेल? वीस वर्षं पुढे राहिलेला तो पोस्टमन त्यांच्या डोळ्यांपुढून पिशवी हलवत गेला. पण क्षणभरच.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘आठवणीतून कळवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. पोस्टमनचं राहू द्या, चालतो बिचारा दिवसभर. माझं आजचं घ्या. दिसला नाही.’

‘बरं. पण तारा दिसला नाही म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी आजच पाहतोय.’

‘नंतर सांगते,’ मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी घरातला कायदा मोडला. आत जाऊन झोपलेल्या बेकरीवाल्यांचा खांदा गदागदा हलवला.

‘काय झालं? आग लागली?’

‘काही नाही झालं. उठा. इकडे या.’

बेकरीवाले चादर गुंडाळून, एका पायात चप्पल अडकवून गॅलरीत आले. मावशींनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, खांदे धरून त्यांना वळवलं आणि बोटाने दाखवलं. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना वाटी सापडली.

‘सापडली? आता तिच्या आत पाहा. त्या मधल्या जागेत काय दिसतं?’

‘काही नाही.’

‘नीट पाहा.’

‘अहो, काही नाही तिथे. अंधार आहे नुसता.’

‘मलाही!’ मावशी म्हणाल्या. ‘मलाही तिथे काही दिसत नाही!’

बेकरीवाल्यांनी दुर्बीण खाली घेतली. बायकोचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. झोप उडायला त्यांना थोडा वेळ लागला, मग सगळं ध्यानात आलं. त्यांनी चादरीसकट त्यांना जवळ घेतलं. समोरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढणारी बाई हातात उशीचा अभ्रा धरून तशीच थांबली. दोन म्हातारी माणसं आकाशाकडे बोट करून, काही दिसत नाही म्हणून, एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

‘परत कधी येईल तो?’ बेकरीवाल्यांनी विचारलं.

‘सांगता येत नाही. काही महिने लागतील. कधीकधी वर्षंही लागतात.’

‘लागू देत,’ बेकरीवाले म्हणाले. ‘आला की तुम्हाला दिसेलच.’

आणि एवढी झोपमोड झालीच आहे तर चहा टाका, असं म्हणून ते दुसरी चप्पल शोधायला आत गेले.